सतरा फूट

एजंटबाई स्वयंपाकघर दाखवत होती,
ओटा ग्रॅनाइटचा, वगैरे.
आर्डिस मागच्या दारात:
कुंपणच नाही. पायवाट थेट डोंगरात,
माणसाहून उंच निवडुंगांमधून.

व्हर्लिन गॅरेजात, टेप घेऊन.
सोळा फूट. होडी सतराची.

"होडी?" बाई हसली. "ॲरिझोनात?
इथली नदी वर्षातून चार दिवस वाहते,
तेही तिच्या मनात आलं तर."

त्यानं पुन्हा मोजलं.
डुलुथला आत्ता उणे एकवीस,
होडी पालथी, बर्फाखाली;
आणि गुडघा गेल्या हिवाळ्यापासून
जिन्याची पायरी न् पायरी मोजणारा.

आर्डिस आली. बुटांवर लाल धूळ,
कधी जाऊन आली कोण जाणे.
"राहू दे की दार फूटभर उघडं,
आत यायला इथं बर्फ थोडाच आहे?"