स्टूल

एकोणनव्वद साली, रास्ता पेठेत,
पहिल्याच महिन्यात मला मेमो मिळाला:
ड्यूटीवर बसल्याबद्दल.
हिराबाई लोणकरांच्या खाटेच्या कडेला
बसले होते, जेमतेम मिनिटभर,
त्यांनी मनगट सोडलं नाही म्हणून.
मेट्रन म्हणाल्या, नर्सनं उभं राहायचं.
डॉक्टर आले की आणखी उभं.

तेव्हा फाइल छातीशी धरायची,
अक्षरं आतल्या बाजूला.
मुलगे जिन्यात गाठून सांगत,
सिस्टर, आईला कळू देऊ नका.
आणि आईनं विचारलं की म्हणायचं,
साधी गाठ आहे, विरघळेल.
हे वाक्य मी इतक्यांदा म्हटलंय
की त्याची चव अजून जिभेवर आहे,
स्पिरिटसारखी.

मुंढव्याच्या घराची किल्ली
हिराबाईंना धाकट्या लेकीला द्यायची होती.
बरी होऊन गेले की देते, म्हणाल्या.
मी म्हटलं, हो की, घाई काय आहे.
किल्ली उशीखाली सापडली
चादर बदलताना.
मलाच.
थोरला दारात उभा होता, त्याच्या हातात दिली.

आता डे-केअर. बारा खुर्च्या,
खिडकीतून दिसतं ते पार्किंग.
औषध शिरेबाहेर झिरपू लागलं
तर आधी ड्रिप थांबवते, मग डॉक्टरांना फोन.
हा क्रम उलटा व्हायला बावीस वर्षं लागली.

एक फोन माझ्याबरोबर घरी येतो.
रात्री दोनला उरुळी कांचनहून कुणाची तरी सून:
ताप एकशे एक आहे, सकाळपर्यंत थांबू का?
नाही. आत्ता निघा.
हडपसरला गर्दी नसेल.
मग मी उठून चहा टाकते,
कारण आता झोप कुठली.

शौकत मुजावर, टेलर, नाना पेठ.
चौथ्या सायकलला म्हणाले,
सुई हातात आहे की नाही
ते बघावं लागतं, कळत नाही.
मी लिहिलं: बोटं बधिर, डोसचा विचार व्हावा.
खाली सही.
सही माझी. दोनदा वाचली.

फेब्रुवारीत स्कॅन आला.
डॉक्टरांनी सगळं सांगितलं होतं,
अकरा मिनिटांत, नीट, काहीही न लपवता.
मुजावर मान हलवत होते.
मग सलाईन लावताना मला विचारलं,
सिस्टर, जूनला शाळा उघडतात.
गणवेशाची ऑर्डर घेऊ का? दोनशे आहेत.

कोपऱ्यात एक चाकांचं स्टूल असतं.
पायानं ओढलं. बसले.
फाइल त्यांच्याकडे फिरवली.
म्हटलं, घ्या ऑर्डर.
पण दुकानातल्या पोराला
आत्तापासून कटिंग शिकवा.

ते बराच वेळ टेपकडे बघत राहिले,
हातावरच्या, चिकटपट्टीच्या.
मग म्हणाले, कटिंग येतं त्याला.
मापं घेता येत नाहीत.
समोरचा श्वास रोखून धरतो,
तो सोडेपर्यंत थांबावं लागतं,
हे त्याला कळत नाही.

मग मापं शिकवा, म्हटलं.

पंप वाजू लागला. पिशवी संपली होती.
नवी पोर, प्रणोती, धावत आली,
बटण दाबलं, माझ्याकडे पाहिलं,
काही लागतंय का, मॅडम?
नाही, म्हटलं.
मी ड्यूटीवर होते.
बसलेली.