एकोणतीस

धार काढल्याबरोबर दूध मोजू नये,
अप्पा सांगायचे.
त्यात अजून फेस असतो, हवा असते,
जनावराची ऊब असते.
ऊब असली की पसरतं, पसरलं की हलकं होतं,
मग खरं दूधही खोटं ठरतं.
थांबायचं. कॅन सावलीत सरकवायचा.
तोवर एक चहा.

गणेश पेठेतली दूधभट्टी, पहाटेचे साडेचार.
मुळशीचा टेम्पो, मागोमाग खेड शिवापूरचा,
हौद्यात कॅन एकमेकांना ढुशा देत.
अप्पांच्या सदऱ्याच्या खिशात, चष्म्याशेजारी,
तो काचेचा बोरू:
खाली फुगा, फुग्यात शिशाचे छर्रे,
वर बारीक मान, मानेवर आकडे.
नळकांड्यात सोडला की दोनदा डुचमळायचा,
उंबऱ्यावर अडखळलेल्या पाहुण्यासारखा,
आणि थांबायचा.
पाण्यात तो मानेपर्यंत बुडतो.
दूध त्याला थोडं वर पेलतं.
त्या एवढ्याशा पेलण्यावर
आमचं घर चालायचं. शाळेची फी, थोरलीचं लग्न.

माझं काम वहीत लिहायचं.
गाय एकोणतीस. म्हैस एकतीस, बत्तीस.
चैत्रात दोन वाढवून लिही, अप्पा म्हणायचे,
उन्हानं आकडा पडतो, त्यात माणसाची चूक नसते.
पौषात तेच दूध उगाच ऐटीत.

पाणी घातलं की उतरतो, हे शेंबड्या पोरालाही कळतं.
साखर टाकली की चढतो.
पण मुरलेला होता तो रखमाजी मारणे.
तो आधी साय काढून घ्यायचा.

"साय जड असते की हलकी?"
अप्पांनी मला विचारलं होतं.
जड, मी म्हटलं. केवढी दाट असते.
"मग ती वर कशी येते?"
मी वहीत बघत राहिले. वहीत नव्हतं.
दाट असणं वेगळं आणि जड असणं वेगळं,
हे मला तिथं कळलं,
ओल्या फरशीवर, उपड्या बादलीवर बसून.

साय निघाली की उरलेलं जड होतं. पस्तीस.
मग त्यात पाणी. एकदम नाही,
तांब्या-तांब्यानं, पस्तिसाचे एकोणतीस होईतो.
आणि बोरू त्यात उभा राहतो ताठ,
कोर्टात शपथ घेतल्यासारखा.
आकडा खरा. दूध खोटं.

अप्पा काही बोलले नाहीत.
अंगठ्याच्या नखावर थेंब घेतला, नख तिरपं केलं.
थेंब ओघळला, मागे काही न ठेवता.
"रखमाजी, पांढरी वाट कुठाय?"
रखमाजी हसला. कॅन परत टेम्पोत.

आई गेली मार्गशीर्षात.
दिवस झाले आणि अप्पा पुन्हा भट्टीवर,
तोच सदरा, तोच चष्मा.
लोक म्हणाले, शिवलिंगअप्पा सावरले हो.
कुणी विचारलं की, "बरं आहे. चाललंय."
रोज तेच. कमी नाही, जास्त नाही.
फक्त रेडिओ मोठ्यानं लावायला लागले.
ओळख नसलेल्यांनाही नमस्कार.
बाहेरचं कधी न खाणारा माणूस
संध्याकाळी भेळ बांधून आणायला लागला,
तिखट, वर भरपूर कांदा.

रेशनच्या दुकानात नवीन पोरगा होता.
"कार्डावर चार नावं. चौघंही आहेत ना?"
"आहेत," अप्पा म्हणाले.
मी पिशवीचं तोंड धरून उभी होते.
साखर पडायचा आवाज झाला बराच वेळ.

आता तो बोरू धायरीत, माझ्या ओट्याच्या खणात,
लाटण्यांच्या बाजूला.
पिशवीचं दूध रोज एकोणतीस.
भांडायला समोर कुणीच नाही.
तरी मी नखावर थेंब घेते, नख तिरपं करते.
कधी वाट उमटते.
कधी नाही उमटत, त्या दिवशी
चहात आलं जरा जास्त ठेचते.