चार सेकंद

पहाटेचे तीन. थंडर बे. बाहेर उणे एकोणतीस.
बेकरीच्या मागच्या दाराला आतून बर्फ धरलंय.
इर्या वेलदोडे कुटतेय, वेंडेल राईचं पीठ तिंबतोय,
आणि ट्रे पुसता पुसता मी ऐकतेय
गुरुवारपासून चिघळलेलं तेच भांडण:
सर ऑसगुडचं चुकलं की नाही?

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी:
चार मित्र कुठल्याशा तळघरात टेबलाभोवती बसतात,
सोंगं घेतात, फासे टाकतात,
माइकला खेटून वेफर्स खातात.
एवढंच. यावर आम्ही तीन हिवाळे काढलेत.

एकसष्टावा भाग. वेशीवरचा शिपाई विचारतो, पिंपात काय?
आणि कधीही खोटं न बोलण्याची शपथ घेतलेला आमचा सरदार
छाती फुगवून सांगतो,
"माझी मैत्रीण नेटल. शिवाय राजाचं चोरलेलं घड्याळ.
बोकडाचा यात काही हात नाही."

हसता हसता माझ्या हातून ट्रे निसटला होता.
अठरा बन. वाया नाही गेले, आम्हीच खाल्ले.

मग पिंपातून नेटल:
"तू नेहमी असंच करतोस."
आणि पुढे चार सेकंद
काहीच नाही.

चारच. वेंडेलने ओव्हनच्या टायमरवर मोजलेत.
म्हणतो, दुसऱ्या सेकंदाला खुर्ची करकरते, नीट ऐक,
ती उठायला निघाली होती. नेटल नव्हे, ती. खरी.
मग कोणीतरी फासा टाकतं, वीस पडतात,
बोकड शिपायाची टोपी खातो, पुन्हा हशा.

"शपथ म्हणजे शपथ," इर्या म्हणते, खलबत्ता न थांबवता.
"पिंपात शिरण्याआधी तिने विचार करायचा होता."
"गप्प बसणं म्हणजे खोटं बोलणं नव्हे," वेंडेल म्हणतो,
"मूग गिळता आले असते त्याला.
कोणी सांगितलं होतं एवढं खरं बोलायला?"

मी ट्रे पुसते.
नोव्हेंबरात फ्रीझरचं दार रात्रभर उघडं राहिलं होतं.
मालकाने विचारलं, कोण?
आणि वेंडेलने सांगितलं.
इर्याचा आठवड्याचा पगार गेला.
त्या दिवशीही इथे सगळं गप्प झालं होतं. ते मी मोजलं नाही.

"कापता आलं असतं त्यांना ते," इर्या म्हणते.
"एक बटण दाबलं असतं की संपलं. पण राहू दिलं."
"का राहू दिलं असेल?"
"मला काय विचारतोस? पीठ बघ तुझं, सुकायला लागलंय."

तो पाण्याचा हात मारतो पिठाला.
ती कुटलेला वेलदोडा त्याच्याकडे सरकवते,
त्याने मागितलेला नसताना. राईत वेलदोडा घालत नाहीत.

तो चिमूटभर घालतो.

पाचला गाडी येईल, पाव उतरतील गोदीवर,
धान्याच्या कोठारांखाली गोठलेल्या माणसांकडे.
बासष्टावा भाग परवा.
"आणि बोकड?" इर्या विचारते.
"त्याचं कोणाच्याच लक्षात कसं नाही?
तो अजून वेशीच्या बाहेरच आहे."