परतीची वेळ तुमची

करामातल्या त्या ऑफिसात, माझ्या खुर्चीमागे
भिंतभर एक तळं आहे.
तळ्याकाठी लाकडी गॅलऱ्यांची घरं,
मधोमध चर्चचा सुळका,
आणि उजव्या कोपऱ्यात, एसीच्या ठिबकण्याने
फुगून पोपडे धरलेला हंस.

आल्प्समधलं हे गाव मी शेकडो वेळा विकलंय.
"खाजगी गाडी, मॅडम. बसची रांग नाही.
आठच्या आत पोचा, दहानंतर गर्दी उसळते.
धक्क्यावरून डावीकडे वळा,
तिथून फोटो येतो, तोच फोटो.
परतीची वेळ तुमची."
लोक येऊन सांगतात, अगदी तुम्ही म्हणालात तस्सं.
एकीने तर विचारलं,
माहेर आहे का तुमचं तिकडे?

माझा अर्ज दोनदा परत आला.
छापील कारण, चौकटीत फुली :
परत जाण्याचा इरादा खात्रीलायक वाटत नाही.
एकोणीस वर्षं झाली मला इथे.
तेवढा एकच इरादा आहे माझ्यापाशी,
दर दोन वर्षांनी शिक्का मारून नवा करून घेतलेला.

म्हणून मग एका रविवारी
स्वतःलाच पॅकेज विकलं.
खाजगी गाडी, प्रवासी एक, हत्ता, सकाळी सहा.
घासाघीस केली नाही.
गिऱ्हाईक ओळखीचं होतं.

ड्रायव्हरचं नाव बख्त रवान.
बख्त म्हणजे नशीब, रवान म्हणजे चालू लागलेलं,
"म्हणून तर गाडी चालवतो."
रोजचाच विनोद असणार त्याचा,
माझ्या हंसासारखा.

मदामपाशी वाळू तांबडी झाली, मग संपलीच,
आणि डोंगर लागले.
झाड नाही, गवत नाही, मातीसुद्धा नाही;
देवाने सांगाडा उभा केला
आणि बाकीचं सामान येईल म्हणून
वाट बघत बसला, तसे.

धरणावर साडेसात.
पायडल बोटी अजून साखळीत.
पाणी हिरवं, गप्प.
धरणाचं पाणी मला कळतं,
पानशेतच्या वरच्या अंगाला वाढले मी.
तळ्याला काठ असतो, धरणाला नुसती पातळी.
खडकावर पांढरी रेघ :
इथवर आलं होतं, मागच्या खेपेला.

सवयीने डावीकडे वळले.
कठडा, कचऱ्याचा डबा, डब्यावर मांजर.
तिथून फोटो येत नव्हता.

बख्त रवानने थर्मासच्या झाकणात चहा दिला,
वेलची जरा जास्तच,
आणि तडकलेला फोन पुढे केला :
तळं.
देवदार, वर बर्फ, काठाला लाकडी घर,
गॅलरीत वाळत टांगलेला मका.
"कालामच्या वर आहे. मक्याखाली बसलीय ती धाकटी.
तेव्हा चालत नव्हती.
आता शाळेत जाते म्हणतात."

मी धंद्याच्या नजरेने पाहिलं :
चर्च नाही, हंस नाही, बाकी सगळं आहे.
"यायचं कसं?" सहज विचारून गेले,
आणि माझ्या पासपोर्टचा रंग
दोघांनाही एकदमच आठवला.

तो आधी हसला.
मग तरीही सांगितलं, बोटाने कठड्यावर रस्ता काढत :
मिंगोऱ्यापर्यंत बस, पुढे जीप,
पहाटेच निघा, दुपारनंतर वरून दगड उतरतात,
पुलाशी विचारा, घर कोणीही दाखवेल.
मी मान डोलावत होते.
टेबलाच्या या बाजूला
पहिल्यांदाच बसले होते.

बोटीत यायला तो तयार झाला नाही. पोहता येत नाही म्हणाला.
दोघांची बोट एकीने हाकली
की एका अंगाला कलते, गोल गोल फिरते.
अशीच फिरत फिरत मी मध्यावर आले.
काठावर तो, इवलासा,
फोन दोन्ही हातांनी उंच धरून.
मी ओढणी सारखी केली, मान जरा डावीकडे,
हसून तशीच थांबले.

रेंज शोधत होता.