लाकूड : जुने, स्थिती : बरी

आचारसंहिता उठली की आमचा सीझन.
ठाण्यात जमा केलेल्या बंदुका घरी येतात,
कोणाच्या दस्त्याला वाळवी, कोणाच्या चीर,
एकाच्या तळपट्टीखाली झुरळाची अंडी.
लोहाओळीच्या मागे, दोन शटरांमधल्या बोळीत
मी डोमाजी वाढई. पाटी नाही.
ज्याला गरज, तो विचारत येतो.

त्या बाई विचारत नाही आल्या, सरळ आल्या.
मंदाकिनी उमाठे, पारशिवनीच्या.
मे महिना, कूलरमधलं पाणी संपलेलं.
चादरीतून रायफल काढली
आणि नळी भिंतीकडे करून ठेवली.
कोणीतरी नीट शिकवलं होतं.

तीनशे पंधराची. पीकरक्षणाचा परवाना.
परवाना ज्यांच्या नावावर, ते फेब्रुवारीत गेले.
ठाण्यातून कागद आला : हत्यार जमा करा.
"करते ना. लोखंड देऊन टाकते.
लाकूड देत नाही."

म्हटलं, बाई, ठाणेदाराला पूर्ण माल लागते.
नुसती नळी नेली तर पंचनामा माझाच होईन.
"मंग दुसरं लाकूड लावून द्या.
त्याले काय समजते."

दस्ता उलटून पाहिला. अक्रोड.
रेषा धुरासारख्या वर गेलेल्या,
आणि जिथे गाल टेकतो तिथे
तळहाताएवढा काळा डाग :
तीस हिवाळ्यांचा घाम, खोबरेल,
मचाणावरची डुलकी.
"एक डुक्कर नाही मारलं त्यांनी," बाई म्हणाल्या.
"हवेत एक बार काढत. मंग तिथंच झोपत."

माझा हात सवयीनं पॉलिशपेपरकडे गेला.
असले डाग काढायचेच तर मी पैसे घेतो,
चाळीस वर्षं झाली, किती गाल पुसले
हिशोब नाही.
"इथं घासू नका."

बंदुकीसाठी आंब्याचा दस्ता कोरला.
आंबा म्हणजे लग्नात भाड्याचा कोट,
लांबून बरा दिसतो.
काथाचं पाणी दिलं, वर जवसाचं तेल,
दोन कोपरे मुद्दाम ठेचले.

आणि अक्रोडाचं?
"चाकू करा. भाजीचा. माझ्या मापाचा."
वहीच्या पानावर पंजा ठेवायला सांगितला,
भोवती पेन्सिल फिरवली.
करंगळी वाकडी, सरळ होत नव्हती.
विचारलं नाही. मुठीत तेवढी खाच दिली.

पातं कामठी रोडच्या भंगारातलं,
कोण्या ट्रकचा कमानपाटा,
कोणाचा कोळसा, कोणाच्या विटा वाहून थकलेला.
भट्टीत लाल केला, तेलात बुडवला,
तर शेजारचा ट्रान्सपोर्टवाला ओरडला :
काय तळून राहिला बे डोमा?
मग पुन्हा मंद आच, गव्हाळ रंग चढेपर्यंत.
तिथे घाई केली की पातं काचेसारखं फुटते.

डाग मुठीत कुठे यावा
याच्यात अख्खी दुपार गेली.
तीनदा रेघ मारली, तीनदा पुसली.
चौथ्यांदा कापलं :
बाईनं मूठ वळली की तो आत जाईल,
दिसणार नाही.
तीन पितळी खिळे. बस.

ठाण्यात मीही गेलो, बोलावलं नव्हतं तरी.
हवालदारानं आंब्यावरून अंगठा फिरवला,
वास घेतला, मान हलवली,
रजिस्टरात लिहिलं :
लाकूड : जुने. स्थिती : बरी.
बाईंनी सही केली, पूर्ण नाव,
आणि बाहेर येऊन रसवंतीवर
दोन ग्लास सांगितले. बिनबर्फाचे.

वर्षानं परत आल्या. धार गेली होती.
पातं दोन सूत झिजलेलं,
वांगी, कोहळं, कैऱ्या, काय काय.
मुठीबद्दल काही बोलल्या नाहीत.
मीच मुठीला फडकं गुंडाळलं
आणि मग चाकू निसण्यावर धरला.