कोपरा, अधिक चाळीस

वेंगुर्ल्यात, बंदराकडे उतरताना, पास्कूमामांचा स्टुडिओ होता.
दिवसा पासपोर्ट, लग्नं, कधी एखादं प्रेत,
खुर्चीत बसवलेलं, टोपी घातलेलं.
रात्री, दार लावून, स्वतःसाठी समुद्र.

मी अकरावीत. पगार नव्हता, चहा होता.

माझा पहिला फोटो निवतीच्या किनाऱ्याचा:
सुकत टाकलेले बांगडे, मागे डोंगर, वर ढग.
त्यांनी तो दारापाशी नेला, उलटा धरला.
"ही पेज कोणी केल्यान? मीठ खंय?"
खरंच. बांगडा राखाडी, वाळू राखाडी,
आभाळ तर शंभरदा धुतलेला पंचा.

"आधी काळो खंय आसा तो बघ.
एक तरी जागा व्हयी, काळी म्हणजे काळी,
होडयेच्या पोटाखाली, नायतर बावडेत.
मग धवो शोध. एकच. लाटेच्या ओठार पुरे.
उरलेलो सगळो बाजार मधल्यांचो."

मग मी बघायला शिकले.
सड्यावरचा जांभा डोळ्यांना लाल,
फिल्मला नुसता मुका दगड.
भिंगावर लाल काच चढवली की तो बोलतो,
निळं आभाळ खाली बसतं,
काजूची झाडं कोळशाची होतात.
श्रावणात यातलं काही चालत नाही.
तेव्हा सावलीच नसते कुणाला;
तेव्हा चार नंबरचा कागद, आणि धीर.

एनलार्जरखाली हात धरायचा, झोताच्या मधे,
सतत हलता, नाहीतर कडा उमटते.
हाताखालचं फिकं राहतं,
बाकीचं गडद होत जातं.
तापातल्या पोराला वारा घालावा
तसा मामांचा हात हलायचा.

ते गेल्यावर भाच्यानं मला बिस्किटांचे सात डबे दिले.
बुरशी, वाळवी, मधेच एक सुकलेली पाल,
आणि निगेटिव्हच्या पाकिटांवर पेन्सिलीनं:
*मांडवी खाडी. सकाळ. आभाळ अधिक बारा.
कोपरा अधिक चाळीस.*

हा फोटो मला पाठ होता. स्टुडिओच्या दारातच टांगलेला.
पाणी पत्र्यासारखं, पलीकडे माडांची ओळ,
डाव्या कोपऱ्यात खडक,
इतका काळा की कागदाला भोक पडलंय वाटे.
लोक म्हणत, काय वजन आहे त्या खडकाला.
मीही म्हणायचे.

परवा स्कॅन केला. सावल्यांची पट्टी उजवीकडे सरकवली.
खडक करडा झाला. अजून थोडी.
खडक नव्हताच.
पालथी घातलेली होडी, आणि होडीला टेकून एक बाई,
डोक्याला रुमाल, मांडीवर एकच चप्पल,
कॅमेऱ्याकडे बघून हसतेय,
कुणी तरी "हलू नको" म्हटल्यावर हसू यावं तशी.

मामांनी लग्न केलं नव्हतं.
भाच्याला दाखवली. त्यानं चष्मा पुसला, पुन्हा पाहिलं,
म्हणाला, चप्पल ओळखीची वाटते. मग म्हणाला, नाही.

चाळीस सेकंद, दर प्रिंटला.
झोतात ती उलट्या रंगांत उभी असणार,
केस पांढरे, दात काळे,
आपल्या वयाच्या कितीतरी पुढे गेलेली,
आणि हे पुठ्ठ्याच्या भोकातून
तिच्यावर उजेड ओततायत, मनात आकडे मोजत,
हात हलता ठेवून,
कडा उमटू न देता.

शनिवारी कुडाळला प्रदर्शन आहे. लॅबवाल्याचा फोन:
"ताई, डाव्या कोपऱ्यात डिटेल आहे भरपूर. उघडू?"
उघडू नको, म्हटलं. फाइल बदलून पाठवते.

पट्टी परत डावीकडे नेली.
पुरती नाही. शून्याच्या एक घर अलीकडे थांबले.
टेकलेल्या पाठीची एवढीशी रेघ राहते तिथं.
दिसली तर दिसली.