मागच्या दोन आठवड्यांत

तैस्तो तुरुनेन, वय एकोणऐंशी.
इलोमांत्सीच्या पुढे, तळ्याकाठचं शेवटचं घर.
तपासणीत सगळं ठाकठीक:
झडपा उघडतात, मिटतात,
रक्त जितकं फेकलं जायला हवं, जवळजवळ तितकं जातं.
आमच्या वॉर्डाला त्याबद्दल हिरवा ठिपका मिळाला.

मी फोन करते तो ठिपक्यानंतरच्या कामासाठी.
तेवीस प्रश्न, प्रत्येकाला पाच उत्तरं.

"मागच्या दोन आठवड्यांत
जिना चढताना धाप लागली?"
"नाही."
"अजिबात नाही?"
"नाही म्हटलं ना, पोरी."
मी पाचावर खूण करते. पाच म्हणजे उत्तम.
"लाकडं फोडताना?"
"नाही."
पुन्हा पाच.

पलीकडे चमचा कपावर वाजतो,
मग कुणीच काही बोलत नाही.
ही शांतता मी ओळखते,
माझ्या बापाचीही अशीच होती.

"खोटं नाही बोलत तो,"
फोन आता हिल्काच्या हातात, आवाज खाली.
"जिना तो चढतच नाही.
मे महिन्यात पलंग खाली आणला, चुलीशेजारी.
लाकडं शेजारचा पोरगा फोडतो,
हा खिडकीतून घाव मोजतो.
होडी पालथी घातली आहे.
जाळी मी विकली,
ह्याला सांगितलं, उंदरांनी खाल्ली."

ह्यासाठी माझ्याकडे एकच चौकट आहे:
'इतर कारणाने केले नाही'.
गुणांची बेरीज करताना संगणक ती सोडून देतो,
जशी हिल्का जाळ्यांची गोष्ट सोडून देते
तो परत फोन घेतो तेव्हा.

शेवटचा प्रश्न मला वाचून दाखवायला आवडत नाही.
"उरलेलं आयुष्य
आत्ता आहे तसंच गेलं,
तर कसं वाटेल?"

तो खोकतो. खुर्ची सरकते.
"शनिवारी सौना तापवली," म्हणतो.
"पाणी मी आणलं. तळ्यातून. अर्धी बादली."
"किती वेळा थांबलात?"
"ते आहे तुझ्या कागदावर?"
"नाही."
"मग चार वेळा."

कागदाच्या कडेला, जिथे काही लिहायचं नसतं,
मी लिहिते: अर्धी बादली, चार थांबे.
वर जाऊन पहिला पाच खोडते,
दुसराही.
सोमवारी बैठकीत ह्याचा हिशेब मागतील.

पुढचा फोन नोव्हेंबरात, तळं गोठायच्या सुमारास.
जिना नंतर.
आधी बादलीचं विचारीन.